केस परत लागलीच पाहिजे

६ ऑक्टोबर, सकाळ

आजपासून लढाई. केस परत लावायची म्हणजे लावायची. माझा गुडघा म्हणजे यादोरावच्या बापाची जहागीर नाही. त्याच्या पोरीनं, पुष्पांजलीनं, स्कूटीनं उडवलं मला. मी रस्त्याच्या मधोमध नव्हतो. थोडासा मधोमध होतो. ती येऊन राहिली होती म्हणून उभा होतो, हे पोलिसाला सांगायची गरज नव्हती.

गोंदियाच्या कोर्टात दीड वर्ष तारखा चालल्या. अकरा तारखा. अकराही वेळा ती बापासोबत आली, समोरच्या बाकावर बसली आणि माझ्याकडे एकटक पाहत राहिली. मुलगी अशी उगाच पाहत नाही. मागच्या महिन्यात लोकअदालतीत तिनं पाहिलं, हसली, आणि मी सेटलमेंटवर सही ठोकली. दवाखान्याचा खर्च आणि वर थोडं. मोठ्या मनानं.

तेव्हापासून एकही तारीख नाही. म्हणजे न्याय नाही, असं म्हणायचं होतं.

७ ऑक्टोबर

माय म्हणाली, काऊन रे भुपेंद्र, मिटलेलं कायले उकरून राहिलास? म्हटलं, गुडघा दुखते. म्हणाली, काल कबड्डीत नाही दुखला. घरातच विरोधी पक्ष.

ठरवलं: उद्यापासून घराबाहेर लंगडायचं. शिस्तीत.

८ ऑक्टोबर, दुपार

वकील नूतन मॅडमकडे गेलो. लंगडत. जिन्यावर चुकून पाय बदलला, त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, बाबू, लोकअदालत में मिट गया तो मिट गया. निवाडा फायनल, अपील नाही. मी तावात विचारलं, हा कोणता कायदा? म्हणाल्या, तू कॉलेज सोडलंस त्याच्या पुढच्या वर्षी शिकवतात तो. उर्मट बाई. हिला फी कोण देते?

(बाकी आहे.)

एकच दार उघडं आहे म्हणे. सही फसवून घेतली असेल, काही लपवलं असेल, तर नागपूरला हायकोर्टात प्रयत्न करता येतो. काय फसवणूक झाली ते लिहून आण.

एवढंच? मग हायकोर्ट आपलंच.

१० ऑक्टोबर

अर्ज लिहिला. चार पानं. ‘गैरअर्जदार पुष्पांजली हिने अकरा तारखांना अर्जदाराकडे सतत पाहून व शेवटच्या तारखेस हसून अर्जदाराची मती गुंग केली व त्या अवस्थेत त्याची सही घेण्यात आली.’ कडक.

मुन्नाला वाचून दाखवला. त्यानं विचारलं, अबे, हे कोर्टाले देतं का तिले? दोस्ती खतम.

११ ऑक्टोबर

मॅडम पहिलं पान वाचून पाणी प्यायल्या. म्हणाल्या, यात तूच लिहून दिलंस की सही राजीखुशीनं केली. हसणं म्हणजे फसवणूक असती तर अर्धा गोंदिया जेलमध्ये असता. त्यांनी लपवलेली एक ठोस गोष्ट आण.

ठरलं. यादोरावच्या घरी जायचं आणि त्यालाच विचारायचं, काय लपवलं बोल. तोंडावर.

१२ ऑक्टोबर, रविवार

गेलो. इस्त्रीचा शर्ट. धमकी देताना माणूस नीट दिसला पाहिजे.

यादोराव शेतावर. दारात त्याची बायको सुमित्राबाई. म्हणाली, आता काय पायजे? म्हटलं, जाब पाहिजे. आतून पुष्पांजलीचा आवाज, कोन होय माय? सुमित्राबाई म्हणाली, तो कोर्टातला लंगडा.

ती बाहेर आली. डोळ्यावर हा जाड चष्मा. माझ्यापुढे थांबली, वरून खालपर्यंत पाहिलं. म्हणाली, अच्छा, असे दिसता होय तुम्ही?

अकरा तारखा!

म्हटलं, कोर्टात तर पाहत होतीस. म्हणाली, कुठं पाहत होती जी, तिकडं मले फक्त पांढरं काहीतरी दिसे. वाटे, कोनी म्हातारे बाबूजी बसतेत. शेवटच्या दिवशी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाले हसून निघावं.

सुमित्राबाई आपणहून सांगत सुटली. नंबर सहाचा. पण पाहायला पाहुणे येत होते म्हणून दोन वर्षं पोरीला चष्मा लावू दिला नाही. आता अर्जुनी गावचं स्थळ जमलं, नवरदेवच म्हणाला चष्मा लावा.

मी विचारलं, मग स्कूटी?

पुष्पांजली म्हणाली, अंदाजानं. त्या दिवशी तर वाटलं, कोनाचं पोतं पडलं हाये.

१३ ऑक्टोबर

मॅडमना फोन केला. पहिल्यांदाच खूश झाल्या. चष्म्याशिवाय गाडी, आणि कोर्टापासून लपवलं! यही तो चाहिए था, बाबू. नागपूरला जाऊन पाहू. लगेच लिहून आण की तिला तू दिसलाच नव्हतास. रस्त्यावर नाही, कोर्टातही नाही. आणि खाली सही कर.

लिहायला बसलो. ‘गैरअर्जदार हिला अर्जदार कधीही दिसला’ इथपर्यंत झालं. पुढे एकच शब्द लिहायचा होता.

चार वाजता मॅडमचा फोन. अर्ज कुठं आहे?

म्हटलं, राहू द्या मॅडम. आमचं आपसात मिटलं.