ब च्या पोटातली रेघ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, बॅटरी कारखान्यातील कोरड्या खोलीची निवृत्त प्रमुख, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या खुशीने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारी माणसे माझ्याआधीच गेली. येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. कारण नसते तर हे तीनदा सांगितले नसते, म्हणून लिहिते. मी पूर्ण शुद्धीत आहे. गोंधळातही आहे. हे दोन्ही एकदम चालते का, असे मी वकीलबाईंना विचारून घेतले. त्या म्हणाल्या, "चालतं हो. माझे निम्मे अशील तसेच असतात."

याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात भावाबद्दल एक शब्द होता, त्याचे काय करायचे ते सहाव्या कलमात येईल.

कलम एक. राहते दोन खोल्यांचे घर आणि बँकेतील ठेव माझ्या मुलीला. न्हाणीघराचा नळ बंद करताना थोडा वर उचलावा लागतो. हे तिला शंभरदा सांगितले आहे, आता लेखी सांगते.

कलम दोन. माझी बारीक टोकाची कात्री वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना द्यायची होती. पण त्या या कागदावर साक्षीदार आहेत, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असा नियम आहे म्हणे. म्हणून कात्री काल त्यांच्या हातात दिली. कलम दोन संपले.

कलम तीन. कारखान्याचे मोठे साहेब कोरड्या खोलीत ओले बूट घालून यायचे. त्यांना माझ्याकडून काही नाही. माझे मत त्यांना ठाऊक आहे.

कलम चार. आता खरी अडचण. माझ्याकडे एक कल्पना आहे, किंवा निम्मी आहे, किंवा मुळीच नाही.

आमच्याकडे पाकिटासारखे चपटे सेल बनत. त्यांना ओलाव्याचे इतके वावडे, की ते कोरड्या खोलीतच भरावे लागत. आत एका वेळी चार माणसे, पाचवे नाही, कारण माणसाचा श्वाससुद्धा ओला. मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच पाळीत होतो. द्रव भरून सेल बंद केला आणि पहिल्यांदा चार्ज केला, की आत वायू धरायचा आणि पाकीट टम्म फुगायचे. रोज ट्रे भरभरून माल वाया. सगळ्यांनी डोकी खाजवली. मग एके दिवशी खोलीतल्या कामाच्या नोंदवहीच्या एक्केचाळीसाव्या पानावर एक ओळ आली: "आधी निम्मे द्रव भरा. थोडे चार्ज करा. थांबा. वायू जाऊ द्या. बाकीचे नंतर भरा." तसे केले आणि फुगणे थांबले. त्या ओळीवर कंपनीने पेटंट घेतले. पेटंटवर शोधक म्हणून नाव एकट्या भावाचे आहे.

ती ओळ माझी, असे मी वीस वर्षे म्हणत आले.

वहीचा नियम असा, की लिहिणाऱ्याने वर सही करायची आणि दुसऱ्याने खाली "वाचले, समजले" लिहून सही करायची. आम्ही भावंडे जागा दिसेल तिथे सही ठोकत होतो. पेटंटचे कागद तयार झाले त्या आठवड्यात मुलीला टायफॉइड झाला आणि मी रजेवर होते. परत आले तर भाऊ म्हणाला, "ताई, त्यांनी विचारलं, वरची सही कोणाची? मी म्हटलं, माझी. खोटं नव्हतं ना ते?"

मी खोलीतल्या बाकी दोघांसमोर त्याला चोर म्हटले.

त्याने हातमोज्यांचे दोन्ही जोड काढले, नीट घडी घातली आणि बाहेर गेला. पुढच्या महिन्यात त्याने दुसऱ्या खात्यात बदली मागून घेतली. तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

तर ही कल्पना मुलीच्या नावे लिहून द्यावी, असे मी ठरवले होते. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, शोधक म्हणून नाव तुमच्या भावाचं, ते कुणाला देता येत नाही. हक्क कंपनीचा, नोकरीला लागताना तुम्ही दोघांनी तसं लिहून दिलंय. ती कंपनी दुसरीने घेतली, दुसरी तिसरीने. आणि एकवीस दिवसांनी वीस वर्षांची मुदत संपते. मग कुणीही वापरावं, कुणाला विचारायला नको."

"म्हणजे सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"मग माझं काय?"

"तुमच्याकडे ती वही आहे ना?"

"वही कंपनीची आहे."

"मग तुमच्या कपाटात कशी?"

मी चहा टाकायला उठले.

पण बाई गेल्यावर वही काढलीच. निदान शहानिशा तरी होईल म्हटले. आम्हा दोघांना बाबांनी एकाच कित्त्यावर गिरवायला लावले होते, त्यामुळे आमचे अक्षर हुबेहूब सारखे. त्यात दुहेरी हातमोजे घालून लिहिलेले. पेन वहीलाच दोरीने बांधलेले, म्हणजे शाईही एकच. फरक एवढाच, की भाऊ ब च्या पोटात रेघ मारायला विसरतो. शाळेत तो बाबांना "वावा" लिहायचा. बाबा ओरडायचे, "मी काय वावा आहे?" आणि छडी काढायचे.

एक्केचाळीसाव्या पानावर "थांबा" आणि "बाकीचे" या दोन्ही शब्दांत रेघ आहे. चांगली ठसठशीत. मी टेबलावर हात आपटला. माझीच ओळ! वकीलबाईंना फोन लावायला उठले, आणि अर्ध्या वाटेतून परत फिरले.

कारण लहानपणी बाबा कामावरून यायच्या आत भावाची वही मीच तपासायची. त्याला छडी बसू नये म्हणून त्याच्या प्रत्येक ब च्या पोटात गुपचूप रेघ मारायची. ती सवय पुढे मोडली नाही. कारखान्यात त्याने लिहिलेल्या पानांवर "वाचले, समजले" लिहिण्याआधी माझा हात आपोआप फिरायचा. बाकीची पाने चाळली. सगळ्या ब ना रेघ आहे. त्याच्या पानांवरही.

मग ती ओळ मी लिहिली, की नुसत्या रेघा मारल्या? तीन दिवस पान उन्हात धरून, भिंग लावून, उलटे करून बघितले. बाकीचे सगळे आठवते. मोठ्या साहेबांचे बूट आठवतात, पंख्याचा आवाज आठवतो, पेनाची दोरी निळी होती हे आठवते. हातात पेन कोणाच्या होते, ते आठवत नाही. वीस वर्षे मला ते स्वच्छ दिसत होते, आणि आता काही म्हणता काही दिसत नाही. मला फार वाईट वाटते.

सबब कलम चारनुसार मी कोणाला काहीही देत नाही.

कलम पाच. वही माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला. ती जुन्या बॅटऱ्या फोडून आतला माल वेगळा करण्याच्या कारखान्यात आहे, तिला गंमत वाटेल. कंपनीने मागितली तर द्यावी. हस्ताक्षर तपासणाऱ्याकडे मात्र नेऊ नये. आमचे आम्ही बघू.

कलम सहा. भावाला या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही. हे रागाने लिहिलेले नाही. त्याला काही दिले तर तो साक्षीदार होऊ शकत नाही, आणि मला दुसरा साक्षीदार तोच हवा आहे.

आज सकाळी त्याला फोन केला.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"आवाज विसरलास काय रे?"

"आवाज ओळखला. विश्वास बसेना म्हणून विचारलं."

"एक सही हवी होती."

त्याने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "वरची की खालची?"

"खालची. वाचून, समजून."

"वाचेन. समजेल याची खात्री देत नाही."

"मलाही नाही. तू ये तर खरा."

तो "चोर" शब्द मी परत घेते. ज्या दोघांसमोर बोलले, ते आता हयात नाहीत, म्हणून इथे लिहून परत घेते. साक्षीदाराला एवढे देता येते का, हे वकीलबाईंना विचारले आहे. त्या म्हणाल्या, "याला कायदा आडवा येत नाही."

कलम सात. या सगळ्याची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी आणि नळाचे मुलीला पुन्हा एकदा सांगावे.

हे मृत्युपत्र मी वाचले. जेवढे समजले तेवढ्याखाली, दोन्ही साक्षीदारांच्या समोर, सही करते.

स्थळ: माझे स्वयंपाकघर, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: मुदत संपायला अठरा दिवस शिल्लक असताना, शुक्रवार

सही: मोठी बहीण

साक्षीदार क्रमांक एक: वाचले, समजले. कात्री मिळाली, धार उत्तम आहे.
सही: वरच्या मजल्यावरची शिंपीण

साक्षीदार क्रमांक दोन: वाचले. एक्केचाळीसावं पान मीच लिहिलं, असं मलाही इतकी वर्षं वाटत होतं. आता ताईच गोंधळली म्हटल्यावर मीही गोंधळलो. बाबा असते तर दोघांनाही छडी मिळाली असती. बाकी सगळं बरोबर. सोमवारी दवाखान्यात मी येतो, तोवर थांब.
सही: धाकटा भाऊ

दुरुस्तीची नोंद: साक्षीदार क्रमांक दोन यांच्या मजकुरात सहा ठिकाणी ब च्या पोटात रेघ नव्हती. त्या सहाही रेघा मी त्यांच्या देखत मारल्या आहेत. अक्षर त्यांचे, रेघा माझ्या. दोघांनाही मान्य.
सही: मोठी बहीण
सही: धाकटा भाऊ