माझ्या लॅपटॉपमधली परकी गणितं

ती. ताईस,

तू रागावलेली असलीस तरी माझा नमस्कार घ्यावाच लागेल. पत्र फोनसारखं कट करता येत नाही. तब्येत कशी आहे हे रीत म्हणून विचारत नाही, खरोखर विचारतेय. आमचे हे बरे आहेत (म्हणजे कुरकुरताहेत). मी संतापलेली आहे.

आधी त्या रविवारचं. तू मानेवरच्या गाठीचं सांगत होतीस, ‘डॉक्टर म्हणाले’ इथवर आलीस, आणि तुझ्या पडद्यावर मी दात काढून हसतच राहिले. तू व्हिडिओ बंद केलास, आणि तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीस. अगं, ते हसू आधीचं होतं, तुझ्या शेजारणीच्या विगचं! लॅपटॉप गोठला आणि माझं चित्र त्या हसण्यावरच अडकलं, तुझा आवाज तेवढा येत राहिला. मी इकडे बंद पडद्याला ‘ताई, ताई’ करत बसले होते.

तो बिचारा बरेच दिवस आजारीच होता. काही उघडलेलं नसताना तापायचा, आतला पंखा घरघरायचा. (ह्यांना वाटलं मीच धुसफुसतेय, म्हणून गुपचूप दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे.) मी त्याला टेबलफॅनसमोर ठेवला, दुपारी आराम मिळावा म्हणून क्रोशाच्या रुमालाने झाकलासुद्धा. त्याने तो आणखीच तापला. शेवटी नाइलाजाने सूनबाईला सांगितलं. (तिनेच फोटो भरभरून त्याची ही दशा केली, असं मी चारचौघांत बोलून चुकले होते. ते तू कोणाला सांगू नकोस.)

तिने आत काय काय चाललंय ते उघडून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. तुझ्या शालीसाठी मी विणकामाचे फुकट नमुने शोधले होते ना, त्यांच्याबरोबर एक लबाड प्रोग्रॅम आत शिरला होता.

“आई, ह्याला ‘हो’ कोणी म्हटलं?”

“मी. त्याने नीट विचारलं होतं.”

आता तूच सांग, आपल्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरने काय शिकवलं? विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, आणि तेही हसतमुखाने. चौकट आली, ‘परवानगी द्याल?’ मी दिली. दुसरी आली, तिलाही दिली. तेवढ्यावर कुठल्याशा चोरांनी माझा लॅपटॉप क्रिप्टोकरन्सीच्या गणितांना जुंपला! गणितं हा सोडवणार, वीज माझी जळणार, आणि नाणी त्यांच्या खिशात. घरातलं काही जात नाही, म्हणून चोरी कळतही नाही. मी ऑफिसात टायपिस्टांचा अख्खा विभाग हलवला, ताई. आणि माझ्याच टेबलावर परक्याचं काम चालावं, तेही मला न विचारता! (विचारून. पण तो मुद्दा नाही.)

सूनबाईने तो प्रोग्रॅम उपटून काढला, ब्राउझरला चिकटलेली पिल्लं काढली, अँटिव्हायरसने सगळं तपासलं, राहिलेले अपडेट घातले. आता अनोळखी चौकटीला ‘नाही’ म्हणायचं, आणि यंत्र उगाच तापलं की पाघळायचं नाही, संशय घ्यायचा, अशी ताकीद मिळाली आहे. मी मुकाट्याने ऐकून घेतलं. मुलगी हुशार आहे. (हेही कोणाला सांगू नकोस.)

तुझी,
धाकटी

ता. क. मागच्या खेपेला तुझ्या कंप्युटरवर ते नमुन्यांचं मीच बसवून दिलं होतं. तो तापतो म्हणून तू दुकानदाराशी भांडलीस, तेव्हा मी तुझीच बाजू घेतली होती. त्या माणसाची माफी माग. माझं नाव घेतलंस तरी चालेल. सूनबाई तुला फोन करेल, ती सांगेल तसं कर.

आणखी एक. डॉक्टर काय म्हणाले? पत्राने कळवू नकोस, तेवढा धीर नाही. मी रोज फोन लावतेय, तो उचल. नाही उचललास तर मी तिकडे येऊन राहीन, आणि मग तुझ्या स्वयंपाकघरात माझी पद्धत चालेल. उचललास तरी येणारच आहे. बॅग भरून झाली आहे.