गोदामाचे पाय

सोमवार, ३
आज कामावर रुजू झालो. अपघातानंतर वर्षभर खाटेवर काढलेला मी, आज दहा तास चाललो! पाय गोदामानेच बसवून दिलेत, मांडीपासून खाली पोलादी. काम अगदी सोपं. पाठीला जाळी बांधलेली. फळ्यांवरून खोकी तिच्यात आपोआप पडतात, ती गाडीपर्यंत पोचवायची. रस्ता पायांना ठाऊक, हात मोकळेच. म्हणून तर ही वही खिशात ठेवलीय. घरी आल्यावर छकुलीला कडेवर घेऊन नाचलो. चार महिन्यांची पोर, खुदकन हसली. बायको म्हणाली, आता तुमच्या पायाला भिंगरी लागली म्हणायची.

बुधवार, ५
शेजारच्या रांगेत एक काका आहेत. हनुवटी छातीला टेकवून चालतात. दोनदा हाक मारली, ढिम्म. असेल बुवा घुमा स्वभाव. मुकादमाने बजावलं, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस, सगळ्यांत जास्त फेऱ्या त्यांच्याच होतात.

रविवार, ९
सुट्टी. जेवायला बसलो तर पाय उभे राहिले. ताट सांडलं. दिवसभर खोलीत येरझारा. बायको आधी हसली, मग तिने छकुलीला वाटेतून उचललं. मुकादमाला फोन केला. म्हणाला, नवे आहेत, रुळतील.

मंगळवार, ११
पाळी संपली तरी पाय दाराकडे वळेनात. खांबाला धरून अंग ओढलं तेव्हा कुठे सुटलो. आज काका जवळून गेले. त्यांच्या हाताला हात लागला. गार, कडक. डोळे उघडे, त्यांवर धूळ. माणूस कधीचा मेलाय आणि पाय कामावर आहेत!

गुरुवार, १३
काल गेलो नाही, आजही नाही. बायकोने पाय दोराने खाटेला बांधलेत. डॉक्टर उद्या येऊन काढतो म्हणाला. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

शुक्रवार, १४
दोर तुटला. पाणी आणायला जाताना बायकोने छकुलीला माझ्याकडे दिलं होतं, क्षणभरच — पाय उठले. ती ओरडत मागे धावली. या पायांना कोण पुरणार. पोरीला घ्या म्हणून रस्ताभर ओरडलो. लोक बाजूला सरकले.

दुपार
चौदावी फेरी. फाटक बंद. बायको बाहेरून ठोकतेय. मुकादमाच्या पाया पडायचं म्हटलं तरी पाय थांबत नाहीत. तो म्हणतो, चालत्या रांगेत शिरायची परवानगी नाही. पोरीला जाळीत ठेवू तर वरून खोकी, खाली ठेवू तर मागून चाळीस जोड्या पाय —

झोपली. डाव्या हातात ती, उजव्याने लिहितोय.

पाय थकत नाहीत. हात मात्र माझेच — डावा आता —