उत्तरपत्रिका क्रमांक २१७०८

रविवार, १२ मे

प्रिय छोटीस,

आशीर्वाद. मी बरा आहे. गुडघा कुरकुरतो, पण जीभ शाबूत आहे, हे तुला सांगायला नको.

मी शिकवत होतो तो तर्कशास्त्राचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम संपला. चाळीस हजार जणांनी नावं नोंदवली होती. त्यात बोटीवरचा खलाशी होता, फाटकावरचा पहारेकरी होता, जुळी मांडीवर घेऊन ऐकणारी एक बाई होती. शिक्षण ही कुणाच्या बापाची जहागीर नाही, असं मी तीस वर्षं सभांमधून ओरडत आलो. यंदा ते डोळ्यांनी पाहिलं.

शेवटपर्यंत पोचले सोळाशे. बाकीचे का गळाले, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "दार उघडून दिलंय, आता कडेवर घेऊन आत न्यायचं का?" लोक हसायचे.

काल भाचीचा फोन आला. "मामा, तुम्ही हसत हसत वाचलात ना, तो पेपर आईचा होता."

छोटे, मला माहीत नव्हतं. हे खरं आहे, आणि ही पळवाटही आहे. तिथे नावं नसतात, क्रमांक असतात. पेपर विद्यार्थीच एकमेकांचे तपासतात, एकेक पेपर तिघं जण. 'पुरावा म्हणजे काय?' या प्रश्नाला ज्या पेपरांना कुणी ना कुणी शून्य दिलं होतं, त्यांतला एक मी नमुना म्हणून उचलला. 'हॉस्पिटलच्या लाँड्रीत मी चादरी तपासते,' अशी सुरुवात होती. कॅमेऱ्यासमोर चार ओळी वाचल्या आणि म्हणालो, "मी पुरावा मागितला होता, धुण्याची यादी नाही!"

त्या दिवसापासून क्रमांक २१७०८ परत फिरकला नाही. तूही माझे फोन घेणं बंद केलंस. मी आपला म्हणत राहिलो, बाईसाहेबांचं काय बिनसलंय देव जाणे.

काल तो पेपर पुन्हा काढला. पाचवी ओळ अशी: 'वरून पांढरी दिसणारी चादर आमची आई उलटी करून उजेडात धरायची. दिसला नाही म्हणून डाग नाही, असं ती कधी म्हणाली नाही.' उरलेल्या दोन तपासणाऱ्यांनी तुला पैकीच्या पैकी दिले होते. परकी माणसं, पण पूर्ण वाचून. आणि मी आईच्या एक ओळ अलीकडे थांबलो.

व्हिडिओ काढायला लावलाय. पण हजारोंनी तो उतरवून घेतलाय, त्यांच्या घरांत मी अजून हसतोच आहे.

भाची म्हणाली, तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय, 'भोंग्याला आत्ता सांगायचं नाही. एकदम प्रमाणपत्रच दाखवायचं.'

लहानपणी मी भाषण पाठ करायचो, तेव्हा तू कानांत बोटं घालून म्हणायचीस, "अरे भोंग्या, मी इथंच बसलेय की!"

तुझ्या सुट्टीच्या दिवशी येतो. दार उघडलं नाहीस, तर पायरीवर बसेन. उघडलंस, तर तुझा पेपर तू वाच, पहिल्या ओळीपासून. मी मध्ये बोलणार नाही.

ऐकायला येणारा,
तुझा भोंगा