चावी कुणाकडे

उमराळे, वसई
३ जुलै २०२५

चि. सौ. हेमांगी हिस मनोरमाआत्याचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल केयूर वाडीत आला होता. माझे कान गेल्यापासून माझ्याशी बोलायचं ते लिहूनच, हे तुझ्या नवऱ्याला पुरतं ठाऊक आहे, तरी अर्धा तास नुसता अळूची पानं खुडत बसला. शेवटी मी कागद पुढे केला तेव्हा लिहिलं, की तू दोन दिवस दवाखान्यात होतीस, ताप एकशे तीनवर गेला होता, लघवीला इन्फेक्शन आहे आणि पोटात कळा यायला लागल्या होत्या. सहाव्या महिन्यात कळा! आणि मला कळतं आठवड्यानं, जावयाच्या खरडीतून. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तेव्हापासून तुझा एकही ताप माझ्या हाताशिवाय उतरलेला नाही. आता मी परकी झाले का?

त्याने असंही लिहिलं, की डॉक्टरांनी दिवसाला किती पाणी पितेस ते विचारलं तर तू एक ग्लास म्हणालीस. मोगऱ्याच्या रोपाला मी याहून जास्त घालते! कामणच्या गोदामात दिवसभर उभं राहून पार्सलं स्कॅन करायची ती नोकरी उद्याच्या उद्या सोड. नाहीतरी पहिल्या बाळंतपणाला इकडे यायचंच आहेस, तीन महिने आधी ये. पाणी पी, डाव्या कुशीवर झोप, लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस.

रागावले आहे, म्हणून माया कमी झाली असं समजू नकोस.

तुझी,
मनोरमाआत्या


विरार
८ जुलै २०२५

ती. आत्यास हेमांगीचा सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा डोकं फिरलं.

किती पाणी पितेस, हे सगळ्यांनी विचारलं. का पीत नाहीस, हे कुणीच विचारलं नाही. तूसुद्धा नाही.

मग ऐक. आमच्या गोदामात बायकांचं एकच टॉयलेट आहे, ऑफिसच्या बाजूला. घाण होतं म्हणून त्याला कुलूप असतं आणि चावी आमचा सुपरवायझर हर्षवर्धन याच्या टेबलावर. मागायला गेलं की तो आधी घड्याळ बघतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, की परत? आत्ताच तर जाऊन आलीस! मग वहीत नाव आणि वेळ लिहितो. पार्सलांच्या सरकत्या पट्ट्यावरची माणसं हसतात. दुसरं टॉयलेट ट्रकच्या यार्डापलीकडे, पुरुषांचं, दाराला कडी नाही. म्हणून आम्ही एकोणीस बायका सकाळी कंपनीच्या बसमध्ये चढल्यापासून पाणी पीत नाही. माझ्या शेजारी ज्युली काम करते. तिला दोनदा असाच ताप येऊन गेला. तिनेच मला शिकवलं, की घोटभर पाणी तोंडात धरून ठेवायचं आणि सावकाश गिळायचं. हे आमचं ट्रेनिंग!

आणि तू म्हणतेस नोकरी सोड. केयूर तेच म्हणतो, सासूबाई तेच म्हणतात. चूक त्यांची आणि घरी मी बसायचं? सव्वीस आठवड्यांची पगारी रजा माझी आहे, आणि रजा संपली की ते कामही माझंच आहे. तू एकतीस वर्षं शाळेत नोकरी केलीस. तुला कुणी सोड म्हणालं असतं, तर तू त्याला दारात उभं केलं असतंस का?

ताप गेला. गोळ्या चालू आहेत. पोटात बाळ रात्रंदिवस लाथा मारतंय, बहुतेक आत्याच्या घराण्यावर गेलंय.

रागावलीस तरी पत्र लिहीत राहा.

तुझी,
हेमांगी


उमराळे
१३ जुलै २०२५

चि. सौ. हेमांगी हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लगेच त्या हर्षवर्धनला पत्र लिहायला बसले. पहिलंच वाक्य असं लिहिलं, की बायकांच्या संडासाला कुलूप घालून चावी स्वतःजवळ ठेवणारा माणूस कोणत्या काळजाचा असेल, याची मला कल्पना करवत नाही. तिथेच पेन थांबलं. कारण ते खोटं होतं. तो माणूस कसा असतो, मला चांगलं माहीत आहे.

मुख्याध्यापिका झाले त्या पहिल्याच वर्षी मी शाळेच्या संडासाला कुलूप लावलं. मुलं घाण करतात म्हणून. कारण हेच, शब्दही हेच. चावी माझ्या कपाटात. तिसरीच्या वर्गावर कॅथरिनबाई होत्या, त्यांना सातवा महिना होता. त्या चावी मागायला आल्या की मी त्यांना सांगायची, की मधल्या सुटीपर्यंत थांबा, वर्ग वाऱ्यावर सोडून कसं चालेल. चार-पाचदा असं झालं. मग त्यांनी मागणं सोडलं. मला वाटलं, शिस्त लागली. आठव्या महिन्यात त्यांना ताप भरला आणि बाळ लवकर झालं. महिनाभर काचेच्या पेटीत होतं. कशामुळे झालं, मी विचारलं नाही. बघायलाही गेले नाही. रजेच्या अर्जावर मात्र शेरा मारला, की पूर्वसूचना न देता गैरहजर. पुढे त्यांनी बदली मागून घेतली.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तू मला शिव्या घाल, मी वाचीन. पण नोकरी सोड म्हणाले, ते परत घेते. पाणी पी, पोटभर पी, आणि चावी माग. तो वहीत लिहील. लिहू दे.

अजूनही पत्र लिहावंसं वाटलं, तर लिही.

मनोरमाआत्या


विरार
२७ जुलै २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी कपाटावर फेकलं होतं. आठ दिवस हात लावला नाही. माझी वेणी घालणारे हात आणि ती चावी कपाटात ठेवणारे हात एकच, हे मला सहनच होईना. तू कॅथरिनबाईंना थांबा म्हणत होतीस, आणि त्याच दिवशी घरी येऊन मला दूध पी म्हणून मागे लागत असशील ना? याचं उत्तर मला नको आहे. मी अजून रागावलेलीच आहे.

पण पाणी प्यायला लागले. गेल्या सोमवारी दोनदा चावी मागितली, मंगळवारी तीनदा. बुधवारी हर्षवर्धन म्हणाला की एवढा त्रास होतो तर घरी बस. ज्युलीने ऐकलं. शुक्रवारी आम्ही एकोणीसजणी मोठाल्या बाटल्या घेऊन बसमध्ये चढलो आणि कामण येईपर्यंत सगळ्या रिकाम्या केल्या. काहीजणी घाबरल्या होत्या, तरी प्याल्या. साडेनऊला एकदम उठलो आणि त्याच्या टेबलापुढे रांग लावली. तो ओरडला की एकेक करून या. कुणी हललं नाही. ज्युलीने त्याची वही उघडून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाली की लिही, एकोणीस नावं, वेळ एकच. पट्ट्याच्या टोकाला पार्सलांचा ढीग होऊन ती खाली पडायला लागली. बावीस मिनिटं, आत्या! पाय सुजले होते, पोट टम्म झालं होतं, पण मी पहिल्या नंबरला उभी होते. शेवटी त्याने चावी फेकली. ज्युलीने कुलूपही मागून घेतलं.

आणि काल, ज्याच्यामार्फत आम्ही गोदामात लागलो त्या ठेकेदाराचा मोबाइलवर मेसेज आला, की एक तारखेपासून तुमची गरज नाही, तब्येतीची काळजी घ्यावी. एकोणिसातल्या फक्त मला. तब्येतीची काळजी! मोबाइल भिंतीवर आपटणार होते, केयूरने हातातून काढून घेतला.

गरोदर बाईला असं काढता येत नाही. मी तक्रार करणार आहे. तुझं अक्षर आणि तुझी भाषा चांगली आहे. अर्ज तू लिही. एवढं तरी कर.

हेमांगी


उमराळे
९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. हेमांगी हिस आशीर्वाद.

कामगार कार्यालयासाठी अर्ज सोबत आहे, तीन प्रती. त्यात 'विनंती' हा शब्द एकदाच घातला आहे, तोही नाइलाजाने. ठेकेदाराचा मेसेज छापून जोड. सुनावणीला मी येणार. काही ऐकू येणार नाही, पण पुढच्या खुर्चीवर बसून बघत राहीन. माझ्या बघण्याला अजून माणसं बिचकतात.

गुरुवारी मी कॅथरिनबाईंच्या घरी गेले होते. आता त्या वसई गावात राहतात. दारातच मी सगळं सांगून टाकलं, की चूक माझी होती, शेरा खोटा होता, माफी मागायला आले आहे. माझे कान गेलेत, हे त्यांना माहीत नव्हतं. त्या बोलायला लागल्या. पाच-सात मिनिटं बोलल्या. चेहरा लाल झाला होता, आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. मी पिशवीतून कागद-पेन काढून पुढे केलं. त्यांनी माझ्या कानांकडे बघितलं, आणि कागद परत माझ्याकडे सरकवला. एवढी वर्षं मनात धरलेलं बोलून झालं होतं, ते पुन्हा लिहून द्यायला त्या माझं काही देणं लागत नव्हत्या. चहा मात्र दिला. भिंतीवर मुलाचा लग्नातला फोटो होता. उंच आहे. तेवढं माझ्या डोळ्यांना बघता आलं.

तुझ्यासाठी जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवली आहेत, दोनदा उकळून वाळवली आहेत. दवाखान्याची पिशवी आतापासून भरून ठेव: फाइल, आधार कार्ड, रक्तगटाचा कागद, दोन गाऊन, बाळाला टोपडी. पावलांवरची सूज चेहऱ्यावर आली किंवा डोकं दुखायला लागलं, तर कुणाला विचारत बसू नकोस, थेट दवाखाना गाठ.

तुझा राग असू दे. मी आहे.

मनोरमाआत्या


विरार, दवाखान्यातून
५ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास हेमांगीचा साष्टांग नमस्कार.

केयूर उद्या तुला आणायला येतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. परवा पहाटे मुलगी झाली. तीन आठवडे लवकर आली, दोन किलो चारशे ग्रॅम, पण पेटीत ठेवावं लागलं नाही. दूध पिते आणि न मिळालं तर सगळा वॉर्ड डोक्यावर घेते.

तुला सुनावणीत ऐकू आलं नाही, म्हणून लिहून ठेवते. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, की बाईंनी स्वतःच काम सोडलं. मी मेसेजचा कागद पुढे केला, तेव्हा तो माझ्याकडे न बघता तुझ्याकडे बघत होता. म्हणूनच मला परत कामावर घ्यायचा आदेश निघाला तेव्हा मी तुझा हात धरला होता. रजेआधीचे सप्टेंबरचे दहा दिवस मी मुद्दाम कामावर गेले. कुलूप नव्हतं.

तुझ्यावरचा राग पूर्ण गेला, असं खोटं लिहिणार नाही. पण बाळाला पहिली अंघोळ तूच घालायची. दुसऱ्या कुणाच्या हातात मी तिला देणार नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. सकाळी जन्मनोंदणीचा फॉर्म भरायला इथला क्लार्क आला. आईचा व्यवसाय या रकान्यात त्याने मला न विचारताच गृहिणी लिहून टाकलं आणि सही कर म्हणाला. टाके ओढत होते, बाळ रडत होतं, तरी मी उठून बसले आणि त्याला सांगितलं, की खोडा ते. तो म्हणाला की फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. मग मी म्हटलं, दुसरा फॉर्म आणा. बाजूच्या खाटेवरच्या बायका बघत राहिल्या. तो पुटपुटत गेला, नवा फॉर्म घेऊन आला, पेन उघडून उभा राहिला आणि मग त्याने मला विचारलं, काय लिहू?

उद्या वाट बघते.

तुझी,
हेमांगी