डेकच्या लाकडातली पट्टी

फ्रँकलिन, टास्मानिया
मंगळवार

प्रिय टॅमसिन,

आज मी खुशीत आहे, अक्षर नेहमीपेक्षा वाकडं आलं तर चालवून घे. होडीच्या काशाच्या नव्या पट्ट्या आल्या! डोलकाठी धरणाऱ्या तारा ज्यांना बांधतात, त्याच गं. इतक्या देखण्या, की मी बघतच बसले आणि सफरचंदाचा केक करपला. होडी दुरुस्त करणाऱ्या आपल्या व्हर्ननने करपलेलाच खाल्ला. शनिवारी होडी नदीत उतरणार. तू येणार नाहीस, माहीत आहे. दोन वर्षं तू पाण्याकडे पाठ करून ॲलिस स्प्रिंग्जच्या वाळवंटात बसली आहेस. तू सुकाणू भलत्या वेळी वळवलंस म्हणून डोलकाठी कोसळली आणि आजोबा तिच्याखाली गेले, हेच तू धरून ठेवलं आहेस.

मला जुन्या पट्ट्या टाकवत नव्हत्या. चांगल्या स्टेनलेस पोलादाच्या, दर रविवारी मी घासून आरशासारख्या ठेवलेल्या. म्हटलं, यांना काय धाड भरलीये? व्हर्नन म्हणाला, "म्हातारे, क्लेमशी लग्नही नुसतं तोंड बघूनच केलंस ना? आता लाकडात काय आहे ते बघू." आणि त्या दिवशी तुटलेल्या डावीकडच्या पट्टीचं डेकच्या लाकडात राहिलेलं बूड त्याने उपसून काढलं.

तपकिरी, कुजकं. तुटल्या तोंडावर ताजा तुटलेला चकचकीत धातू केवढा, तर नखाच्या कडेएवढा. "हे त्या दिवशी तुटलं नाही गं," तो म्हणाला. "कित्येक वर्षं तुटत होतं." मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. कोंबड्यांना दाणे टाकले, मग आठवलं, सकाळीच टाकले होते.

ती पट्टी डेकमधून खाली जाते तिथल्या फटीतून होडीतल्या माझ्या गादीवर पाणी ठिबकायचं. मी ती फट नळीतल्या पांढऱ्या चिकाने गच्च बुजवली. दर हिवाळ्यात पट्ट्या काढून बघायची आजोबांची रीत. मी बजावलं, "क्लेम, माझं काम उकरलंस तर बघ." "बरं बाईसाहेब," म्हणाले, आणि चार हिवाळे हात लावला नाही. असलं पोलाद ओलं राहिलं आणि हवा लागली नाही, की आतल्या आत सडतं, हे मला आज कळलं. त्यांना तेव्हाही ठाऊक होतं.

व्हर्नन म्हणतो, "पोरीला कशाला सांगतेस? ते बूड नदीत टाकून देतो." मी टाकू दिलं नाही. म्हणून हे पत्र. सुकाणू तू बरोबर वळवलंस. त्या वाऱ्यात आजोबांनीही तसंच वळवलं असतं. पट्टी मी सडवली. शनिवारी ये किंवा येऊ नकोस, तुझी मर्जी. रागवायचं तर माझ्यावर रागव, मी पचवीन. पण तुझ्या हातांवर आता रागवू नकोस, त्यांनी काही केलेलं नाही.

तुझीच,
मर्ल आजी