परसातला दिक्तमो

क्रीट, ९ जुलै १९६१

प्रिय पान्तेलीस,

तू आणि तुझं जहाज सुखरूप असोत. इकडे बकऱ्या बऱ्या आहेत. ऑलिव्ह यंदा कमीच धरलंय.

दिक्तमोला मात्र बहर आलाय. कुंपणाच्या दगडांतल्या फटींत लावलेली रोपं, तू ज्यांना ‘कालिओपीचे लाड’ म्हणायचास, ती पार अंगणात उतरलीत. पाणी जास्त झालं की लोकरी पानं कुजतात, म्हणून हात आखडता ठेवते. जांभळ्या फुलांवर दिवसभर मधमाश्यांचा बाजार.

मी ती हौसेने लावली नव्हती. माझा भाऊ दिक्तमो काढतानाच कड्यावरून पडला. पोरगी मागायला कड्यावरच्या दिक्तमोची जुडी न्यावी लागते, तर आपल्या पोराने ती परसातून न्यावी, एवढंच मनात होतं.

आणि नेली की त्याने. आर्गिरोने हसत घेतली, उशाशी ठेवली. तिला कडा नको होता, मानूसोस हवा होता. मग ईस्टरला तू रजेवर आलास. अंगणात राकी पिताना सगळ्यांदेखत म्हणालास, “आईच्या परसातली जुडी नेऊन बायको मागतोय आमचा वाघ! मी हिच्यासाठी कड्याला लटकलो होतो.”

“आणि तेव्हापासून तेच ऐकवतोयस,” मी म्हटलं. सगळे हसले. मानूसोसही हसला.

पाद्रीबाबा तार करतो म्हणाले, मी नको म्हटलं. रोज लिहायला बसते आणि बकऱ्यांपाशीच थांबते. आता लिहितेच. आपला मानूसोस गेला, पान्तेलीस. संत योहानच्या सणाआधी तुझा जुना दोर घेऊन कड्यावर चढला. दोर तुटला. मुठीत डहाळी होती, बोटं सोडवून मीच काढली. आपल्या परसातल्यासारखीच, जरा खुरटी.

आर्गिरो रोज येऊन रोपांपाशी बसते. काल मी ती उपटायला गेले तर हात धरून म्हणाली, “मावशी, त्यांचा काय दोष?” कोणाचा, ते त्या दिवशी अंगणात बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या तोंडावर कोणी बोलत नाही.

मला तुझं तोंड बघायचं नाही. तरी घरी ये. भिंतींशी भांडून मी थकले. शिव्या द्यायला समोर माणूस लागतं, आणि मानूसोससाठी माझ्याइतकं रडणारं या जगात तुझ्याशिवाय दुसरं कोणी नाही.

आता दुसरं कोणी उरलं नाही म्हणून तुझीच,
कालिओपी